नैसर्गिक निवड शिकताना: तासगावच्या द्राक्षबागेतून सुरुवात

उत्क्रांतीचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी पहिली सूचना अशी असते की, नैसर्गिक निवडीची व्याख्या पाठ करण्याआधी एकाच जातीतील दोन जीवांमधला फरक डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाठ्यपुस्तकात प्रत्येक जातीचे एकच चित्र छापलेले असते आणि त्यामुळे त्या जातीतील सारे जीव एकसारखे असतात, असा समज नकळत रुजतो. हा समज एकदा घट्ट बसला की पुढचा सगळा विषय परीक्षेपुरता उरतो.

माझे शिक्षण वनस्पतिशास्त्रात झाले आणि घरची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात असल्यामुळे हा विषय मला वर्गापेक्षा बागेत अधिक स्पष्ट झाला. थॉम्पसन सीडलेस या द्राक्षवाणाचे मणी बिनबियांचे असल्यामुळे त्याची लागवड काडीपासून किंवा खुंटावर कलम करून होते. म्हणजे बागेतील वेली आनुवंशिकदृष्ट्या एकमेकींच्या प्रतीच असतात. तरीही क्वचित वेलीच्या एखाद्या डोळ्यातच, म्हणजे काडी फुटते त्या कोंबातच, बदल घडतो आणि त्यातून फुटलेल्या काडीवरचे घड वेगळे दिसू लागतात. थॉम्पसनमधून वेगळा काढलेला तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातल्याच शेतकऱ्याच्या नजरेने टिपलेला आहे. येथे निवड माणसाने केली, पण त्याला निवडता आले ते फरक आधीच घडून गेलेला होता म्हणून.

माणसाच्या इच्छेविरुद्ध चालणारी निवड पाहायची असेल तर त्याच बागेतील डाउनी या पानांवरच्या रोगाकडे वळावे. फळछाटणीनंतर पाऊस लांबला की पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग पडतात आणि खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते. (वर्गीकरणानुसार हा रोग घडवणारा जीव खऱ्या बुरशींमध्ये मोडत नाही, पण बागेत सगळे त्याला बुरशीच म्हणतात.) अॅझॉक्सीस्ट्रोबिनच्या गटातील बुरशीनाशके या जीवाच्या श्वसनातील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटून त्याचे काम थांबवतात. त्या प्रथिनाच्या साखळीत १४३व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अॅलनीन आले, तर औषध तेथे नीट चिकटत नाही. जनुकातील एवढा एक बदल ज्या थोड्या जीवांमध्ये योगायोगाने झालेला असतो ते फवारणीतून वाचतात, बाकीचे मरतात, आणि अनुकूल हवेत एका हंगामात अनेक पिढ्या होत असल्यामुळे वाचलेल्यांची संतती बागभर पसरते.

आमच्या भागात अशा वेळी 'बुरशीला औषधाची सवय झाली' असे सर्रास म्हटले जाते आणि विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. पण एकाही जीवाने आपल्या आयुष्यात काही शिकून घेतलेले नसते. समूहातील प्रमाण तेवढे बदललेले असते. बदल आधी झाला आणि त्याचा उपयोग नंतर ठरला, हा क्रम ज्याला समजला त्याला मॅन्कोझेबसारख्या औषधाविरुद्ध असा प्रतिकार सहसा का उभा राहत नाही, हेही सांगता येते. ते औषध एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते आणि तितके सगळे बदल एकाच जीवात एकत्र येण्याची शक्यता फार कमी असते. वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी औषधे आलटून पालटून वापरावीत, या सल्ल्याचा आधारही हाच आहे.

अभ्यासासाठी प्रयोगशाळेची वाट पाहू नये. सांगली-साताऱ्याकडे पावसाळ्यात कोणत्याही बांधावर टाकळा उगवतो. शेंगा पिकल्यावर एकाच बांधावरील तीसेक झाडे निवडून प्रत्येकाच्या काही शेंगांची लांबी मोजावी, त्यांतील बिया मोजाव्यात आणि आकड्यांचा आलेख काढावा. बी झाडागणिक वेगळ्या पाकिटात ठेवावे, पुढच्या जूनमध्ये टरफल थोडे घासून एकाच मातीत पेरावे आणि नव्या झाडांच्या शेंगा पुन्हा मोजाव्यात. लांब शेंगांच्या झाडांची संततीही लांब शेंगांची निघाली, तर त्या फरकात वारशाचा वाटा आहे असे म्हणता येते; तसे न झाल्यास तो फरक बहुधा माती, ओल किंवा सावलीमुळे पडलेला असतो. जो फरक पुढच्या पिढीत उतरत नाही, त्यावर निवड कितीही कठोर झाली तरी जात बदलत नाही. नवे विद्यार्थी नेमकी हीच पायरी वगळून पुढे जातात, म्हणून तिच्यावर माझा एवढा भर आहे.

गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने फिंच पक्ष्यांची मोजणी केली, तीही आईवडील आणि पिल्ले यांच्या चोचींची अशीच तुलना करून. १९७७च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या आणि मुख्यतः आपल्या सराट्याच्या प्रजातीतील एका वनस्पतीची काटेरी, टणक फळे उरली. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात जगले आणि पुढच्या पिढीत चोचीची सरासरी जाडी सुमारे ४ टक्क्यांनी वाढली. १९८३च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचा सुकाळ झाला, तेव्हा निवडीचा कल उलटा फिरून लहान चोचींकडे गेला. उत्क्रांतीला 'प्रगती' म्हणणाऱ्यांनी हे दुसरे निरीक्षण आवर्जून वाचावे.

पुढे याच विषयात राहायचे असेल तर पदवीच्या पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नये. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणित सुटले, असे मानणारे अनेक हुशार विद्यार्थी येथेच अडतात. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या जीवविज्ञान अभ्यासक्रमात उत्क्रांती आणि वर्तन हा स्वतंत्र घटक आहे आणि गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत परिसंस्थाशास्त्र व उत्क्रांती अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. दोन्हींसाठी वारसा, सरासरी आणि विचलन या संकल्पना हाताळता याव्या लागतात, आणि टाकळ्याच्या शेंगांचे आकडे ज्याने स्वतः मांडले आहेत त्याला त्या नव्याने समजावून सांगाव्या लागत नाहीत.