सिगारला बुरशी येतेय? आधी आर्द्रतामापक तपासा

सिगारवर पांढरे-निळसर केसाळ ठिपके दिसले, की बहुतेक वेळा डब्यात ओल जास्त झालेली असते आणि मापक ती कमी दाखवत असतो. म्हणून आधी मापकच तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पातळ नको. मापकाबरोबर हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 70 आला तर पुढे दरवेळी 5 मिळवून वाचा.

डब्यात 65 टक्के पुरेत; 70 च्या वर जाऊ देऊ नका. ओलाव्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

बुरशी आलीच तर:

1. ती सिगार लगेच वेगळी काढा.
2. ठिपके फक्त वरच्या पानावर असतील तर मऊ कापडाने हलकेच पुसा आणि काही आठवडे दुसऱ्या डब्यात ठेवून लक्ष ठेवा.
3. डबा रिकामा करून आतलं लाकूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. झाकण उघडं ठेवून दिवसभर वाळवा. वास पूर्ण गेल्यावरच सिगार परत ठेवा.

पेटवायच्या टोकाला, पानांच्या घड्यांमध्ये बुरशी दिसली तर मात्र ती सिगार टाकूनच द्या, कितीही महाग असो. आत शिरलेली बुरशी पुसून जात नाही.