दुकानाचा हिशोब दुकानाबाहेरही ठेवा: मोंढ्यातल्या एका मुनीमाची पद्धत

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका आडतीवर मी मुनीम आहे. आधी लाल वहीत रोजमेळ लिहायचो, आता तेच काम टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. वही भिजली तर उन्हात वाळवून वाचता यायची. कॉम्प्युटरचं तसं नाही, हे मला दसरा-दिवाळीच्या मधल्या एका सकाळी कळलं.

सोयाबीनची आवक जोरात होती. रात्री लाईट तीनदा गेली-आली आणि सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. हार्ड डिस्क गेली, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. तरी मला धीर होता, कारण कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा रोज संध्याकाळी "पेनड्राईव्हवर घेतलं मामा" असं सांगूनच घरी जायचा. पेनड्राईव्ह शेजारच्या आडतीवर लावून बघितला. आत एकच फाईल. टॅलीचं चित्र, त्याच्या कोपऱ्यात बारीकसा बाण, आकार २ केबी. तो रोज स्क्रीनवरचा शॉर्टकट तेवढा कॉपी करत होता. हिशोब कुठं आहे याचा नुसता पत्ता आमच्या हातात, हिशोब मेलेल्या डिस्कमध्ये.

लेकराचा दोष नव्हता. काय घ्यायचं ते मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं. पट्ट्यांच्या, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब शेतकऱ्याला लिहून देतो त्या पावत्यांच्या, कार्बन कॉप्या होत्या म्हणून वाचलो. १९ रात्री बसून सगळं पुन्हा चढवलं. त्या दिवसांत पट्टीचे पैसे मागायला आलेल्या माणसाला "दोन दिवस थांबा" म्हणताना फार जड जायचं. त्याला हरभऱ्याचं बी घ्यायचं असायचं.

तेव्हापासून आमच्याकडं जे चालतं ते सांगतो. तुमचं कृषी सेवा केंद्र असो, किराणा असो की मेडिकल, पद्धत हीच.

पहिल्यांदा हिशोब नेमका कुठल्या फोल्डरमध्ये साठतो ते शोधा. टॅलीप्राईममध्ये (टॅलीचं आताचं रूप) कंपनी, म्हणजे आपल्या दुकानाचं खातं, निवडायला गेलात की डेटाचा पत्ता तिथंच दिसतो. तो पत्ता कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर ज्यानं बसवलं त्याला विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

संध्याकाळी रोख जुळली की ऑल्ट आणि वाय दाबायचं, डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप, म्हणजे हिशोबाची जादा प्रत काढायची सोय, आहे. ठेवायची जागा म्हणून पेनड्राईव्हवर वारांच्या नावाची फोल्डरं करा, सोमवार ते रविवार. एकाच जागी रोज घेतलं तर जुन्यावर नवं बसू शकतं. आणि बुधवारी झालेली चूक शनिवारी सापडली, तर मंगळवारचा हिशोब कुठून आणणार? महिनाअखेरचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये, तो कधीच पुसायचा नाही. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, तेव्हा जुनं काढून टाकायची घाई नको.

बॅकअप झाला की पेनड्राईव्ह काढायचा. इथं मी कुणाचंच ऐकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एखादी फाईल उघडली आणि सगळ्या फायलींना कुलूप लावणारा व्हायरस शिरला, तर लावून ठेवलेल्या पेनड्राईव्हलाही तेच कुलूप बसतं. आमच्याकडं दोन पेनड्राईव्ह आहेत, आळीपाळीनं वापरतो. एक दुकानात, एक मालकांच्या घरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं भूकंपात घरं कशी बसली, हे आमच्या पिढीनं बघितलंय. घर आणि कपाट एकाच मातीखाली गेलं. म्हणून एक प्रत दुसऱ्या छताखाली हवीच.

तिसरी प्रत गुगल ड्राईव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत. १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल आणि फोटोंमध्येही वाटली जाते. म्हणून दुकानाच्या नावानं वेगळं खातं उघडा. पोराच्या खात्यावर ठेवलंत आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला, तर हिशोबही त्याच्याबरोबर गेला. खात्याला मालकांचा मोबाईल नंबर जोडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय) चालू करा. ड्राईव्हवर फक्त बॅकअपची फाईल चढवायची. टॅलीचं चालू फोल्डरच तिथं जोडून ठेवू नका. काम सुरू असताना फायली अर्धवट चढतात आणि डेटा बिघडतो. शिवाय इकडं काही पुसलं की तिकडंही पुसलं जातं.

यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा डबा, घ्याच. त्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर एवढंच लावा, लेझर प्रिंटर नको. लाईट गेली की एंट्री पुरी करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा, लाईट येईल म्हणून वाट बघायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घेतलेला बॅकअप उघडून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. आमच्या आडतीवर अमावस्येला सौदा होत नाही, तो दिवस मी यासाठी ठेवलाय. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवं रिकामं फोल्डर करायचं आणि त्यात रिस्टोअर करायचं, म्हणजे बॅकअपमधून हिशोब परत उघडायचा. चालू हिशोबाच्या फोल्डरवर कधीच नाही, नाहीतर आजचं काम जुन्याखाली जाईल. उघडल्यावर तीन गोष्टी ताडून बघतो: शेवटच्या पट्टीचा नंबर, रोख शिल्लक आणि एका खरेदीदाराचं खातं. तिन्ही जुळले की वहीत तारीख टाकून सही करतो.

परवाच्या चैत्र अमावस्येला जुळलं नाही. दुकानात शेवटची पट्टी १,१८४, रिस्टोअरमध्ये १,१०२. मागच्या महिन्यात हिशोबाचं फोल्डर कॉपी करून कॉम्प्युटरच्या डी ड्राईव्हवर काम सुरू केलं होतं, आणि बॅकअप मात्र रोज सी ड्राईव्हवरच्या जुन्या फोल्डरचाच निघत होता. महिनाभर "बॅकअप झाला" असंच स्क्रीनवर येत होतं. त्याच दुपारी पत्ता बदलला, नवा बॅकअप घेतला, पुन्हा उघडून १,१८४ दिसल्यावरच जेवायला गेलो. कॉम्प्युटरशेजारचा चिकटवलेला कागदही बदलला.