दगडी काम शिकायचे तर सुरुवात चुन्याच्या दरजांपासून

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तामिळनाडूतला जिंजी सोडला तर बाकीचे 11 महाराष्ट्रातले. त्यांच्या तटांची डागडुजी वर्षानुवर्षे चालणार, शिवाय वाडे, देवळे, बारवा आहेतच. सिमेंटचा गवंडी कुठेही मिळतो, चुन्यात हात बसलेला मिळत नाही. जुन्या दगडी सांध्यात, म्हणजे दरजेत, सिमेंट भरले की भिंतीच्या पोटातली ओल बाहेर पडत नाही. काही वर्षांत सिमेंटची पट्टी सुटते आणि तिच्यामागे पाणी शिरून गाभ्यातला जुना चुना धुपतो.

आधी चुना. कळीचा चुना पाण्यात थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतलेत तर उकळी फुटून शिंतोडे डोळ्यांत जातात, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. ढवळून बारीक जाळीतून गाळा, वर चार बोटे पाणी ठेवा आणि निदान 15 दिवस मुरू द्या; दोन-तीन महिने मुरला तर उत्तम. न विरलेला खडा राहिला तर तो सांध्यात फुगतो आणि माल उडवतो.

मिश्रण घमेल्याने मोजा: 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी), 2 भाग धुतलेली जाडसर वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या. काळपट, जास्त भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याला धरत नाही. माल घट्ट वाटला तरी पाणी घालू नका, चुना दळायच्या घाणीत दळा किंवा कुटा, तो आपोआप मऊ होतो. जादा पाण्याच्या मालाला हमखास भेगा पडतात. गूळ, बेलफळ अंदाजाने घालण्याच्या भानगडीत नवशिक्याने पडूच नये.

सांधा अरुंद छिन्नीने, रुंदीच्या दुप्पट आणि किमान 25 मिलिमीटर खोल खरवडा. ग्राइंडर दगडाची धार खातो. धूळ झाडून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी पाणी मारा. काळा दगड पाणी फारसे पीत नाही, जुना चुना भरपूर पितो. म्हणून पाणी सांध्यात जिरवा, दगडावर साचू देऊ नका. 10-12 मिलिमीटरचे थर दाबून भरा. रुंद सांध्यात दगडी चिपा ठोका. दगडाच्या तोंडावर माल फासू नका. अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल तेव्हा ताठ ब्रशने ठोका. मग 10 ते 15 दिवस ओली गोणपाटे लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. एप्रिलच्या उन्हात माल वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो.

कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत गवंडीही आहे. प्राथमिक प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचे, रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये. अवजारांसाठी ही योजना जरूर घ्या; चुना मात्र जाणत्या गवंड्याच्या हाताखाली निदान एक हिवाळा काढल्याशिवाय येत नाही. सराव घरच्या जोत्यावर किंवा गडग्यावर करा, संरक्षित वास्तूला पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नका. पावसाळा सरला की प्रत्येक दरज हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा: पोकळ आवाज आला तर भरताना सांधा कोरडा होता, तेवढा भाग काढून पुन्हा भरा.