आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) डॉक्टरांची पदवी कशी पडताळावी

पाटीवर नावापुढे अक्षरांची रांग असते. त्यातलं शिक्षण किती, हे कळत नाही.

१. आधी स्त्रीरोगातली पदव्युत्तर पदवी शोधा: एमडी, एमएस किंवा डीएनबी.

२. मग वंध्यत्वाचं खास प्रशिक्षण. एफएनबी रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन २ वर्षांचं असतं, एमसीएच ३ वर्षांचं. नुसतं ‘फेलोशिप’ लिहिलं असेल तर कुठून आणि किती महिन्यांची, हे सरळ विचारा. काही फेलोशिप अगदी थोड्या दिवसांच्या असतात.

३. प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून पाहा.

४. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार क्लिनिकचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं हवं. त्यावर ‘लेव्हल १’ असेल, तर तिथे फक्त आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) करता येतं, आयव्हीएफ नाही. मुदतही बघा.

एखाद्या संघटनेचं सभासदत्व म्हणजे पदवी नव्हे.