दूषित जागेचा पुनर्विकास: खर्च आणि महसूल मांडताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या बंद कारखान्यांच्या जागांच्या पुनर्विकासाचे अहवाल तपासायला येतात, तेव्हा मी आधी एकच ओळ शोधतो: ‘माती साफसफाई – एकरकमी’. जागेवर एकही खड्डा न खणता हा आकडा कुठून येतो? मागच्या अहवालातून उचललेला असतो. पुढची वीस पानं त्याच्यावर उभी राहतात.

असाच एक आकडा मीही एकदा मान्य केला होता. अंबडच्या बाजूला जुनी प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवण्याची) शेड होती. जागेचा काही भाग रस्ता आणि उद्यानासाठी आरक्षित, म्हणजे तेवढ्या भागाचा खर्च सार्वजनिक पैशातून. मे महिन्यात वरच्या दीड फुटातून चार नमुने घेतले, चारही स्वच्छ निघाले. जूनअखेर खोदाई सुरू झाली. दोन पाऊस झाले आणि एका खड्ड्यात पिवळंधमक पाणी साचलं. तपासलं तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. क्रोमियममुळे पाणी डोळ्यांना पिवळं दिसू लागतं, तेव्हा ही मर्यादा कितीतरी मागे पडलेली असते.

मग त्या शेडमध्ये काम केलेल्या एका मामांना शोधून काढलं. त्यांनी पायानंच जागा दाखवली. ‘‘साहेब, टाकी हितं होती. गळायची. आम्ही वरून मुरूम टाकायचो.’’ आम्ही तपासली ती माती नंतर आणून टाकलेली होती. खालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याखाली मुरूम, त्याखाली बेसाल्टच्या फटी. विरघळलेलं क्रोमियम पाण्याबरोबर सरळ खाली उतरलं होतं. ती दूषित माती ट्रकांनी रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवावी लागली. वाहतूक, प्रक्रिया आणि रखडलेलं काम धरून खर्च मूळ आकड्याच्या तिपटीवर गेला.

तेव्हापासून मी आधी जुन्या कामगारांना भेटतो, मग मातीकडे वळतो. खालचा मूळ मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतो, शेजारच्या बोअरचं पाणी तपासतो, आणि हे सगळं पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. खर्चाचे तीन आकडे लिहितो: कमी, मधला, जास्त. नवीन मुलांना ऑक्टोबरपर्यंत थांबणं जड जातं. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आल्यापासून तर प्रत्येकालाच घाई आहे. मला ही घाई मान्य नाही. वाचवलेले चार महिने पुढे दोन वर्षं खातात.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. सगळे कर एकाच बेरजेत घालायचे आणि ‘शासनाला इतके कोटी मिळतील’ असं लिहायचं. शासन म्हणजे नेमकं कोण? नाशिकमध्ये घर घेताना साधारण ६ टक्के मुद्रांक शुल्क भरतात. त्यातला महापालिकेसाठीचा अधिभार १ टक्का, बाकी राज्याचं. बांधकामावरचा जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटला जातो. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. १ जुलै २०१७ पासून महापालिकेला राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते, तीही जुन्या उत्पन्नाच्या आधारावर. तुमच्या जागेवर दोनशे घरं विकली गेली म्हणून ती वाढत नाही. महापालिकेच्या हाती उरतं विकास शुल्क, घरपट्टी आणि तो १ टक्का. ड्रेनेज, जलवाहिनी, रस्ता, घंटागाडी, शाळा मात्र तिच्याच गळ्यात. मी तीन रकाने आखतो: महापालिका, राज्य, केंद्र. बेरीज सर्वांत शेवटी.

घरपट्टी सगळी नवीन धरू नका. एरवी शहरातच पाथर्डी फाट्याला घर घेणारं कुटुंब सातपूरला आलं, तर शहराच्या उत्पन्नात नवीन काही पडत नाही.

काळाचा हिशोब धरा. ८ टक्के दराने दहा वर्षांनंतरचे १०० रुपये आजचे ४६ होतात. साफसफाईचं बिल आजच द्यायचं असतं.

प्रदूषण करणाऱ्याकडून होणारी वसुली पहिल्या वर्षाच्या जमेत लिहू नका. राजस्थानातल्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी केलेल्या प्रदूषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा. रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा द्यावा लागला. दूषित स्थळांचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यांत जबाबदार व्यक्तीकडून खर्च वसूल करण्याची तरतूद आहे, पण जबाबदार सापडलाच नाही तर भार सरकारवर येतो. म्हणून जागा आधी कुणाकुणाकडे होती, ते सातबारा किंवा लीजच्या मालिकेतून तपासा.

आणि ‘काहीच केलं नाही तर’ या रकान्यात शून्य भरू नका. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा वायुगळतीनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला हलवला. त्यासाठी १२६ कोटी रुपये सरकारने मंजूर केले. कारखान्याच्या आवारातली माती आणि भूजल यांचं काम अजून बाकीच आहे.

सध्या सातपूरचा एक अहवाल माझ्याकडे आहे. संबंधितांचे रोज फोन येतात. साफसफाईच्या खर्चाचा रकाना मी कोरा ठेवलाय. पावसाळ्यानंतरच्या बोअरच्या पाण्याचे निकाल हाती आल्यावर तो भरेन.