गुलाल धुतल्यावर काय करायचं: परिवर्तन पॅनलच्या नव्या सरपंचांसाठी

३१ वर्षं मी ग्रामसेवक होतो. आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावासाठी आम्ही कायम ‘भाऊसाहेब’. सोलापूर जिल्ह्यात सात गावं केली. किती परिवर्तन पॅनलं निवडून येताना पाहिली ते मोजायचं सोडून दिलं. एका गावात तर दोन्ही बाजूंना तेच नाव हवं होतं. निकालानंतर नवे सरपंच कार्यालयात येतात, कानामागे गुलाल तसाच असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘भाऊसाहेब, खात्यावर किती आहेत?’

देणं किती आहे, हे आजवर एकानेही आधी विचारलं नाही.

म्हणून सुरुवात तिथून करा. पदभार घेताना हारतुऱ्यांना दहा मिनिटं द्या आणि दप्तराला अख्खा दिवस. नमुना ५ ची रोकड वही उघडा, शेजारी बँकेचं पासबुक ठेवा, शिल्लक जुळते का बघा. नमुना ९ च्या करमागणी वहीतून कुणाची किती घरपट्टी-पाणीपट्टी थकलीय ते उतरवून घ्या. मग एका कोऱ्या कागदावर देणी लिहा: पाण्याच्या मोटारीचं वीजबिल, दिवाबत्तीचं वीजबिल, शिपायाचा आणि पाणी सोडणाऱ्याचा थकलेला पगार, त्यांचा भविष्य निर्वाह निधी, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची उधारी, काम होऊन बिल न निघालेले ठेकेदार. हा कागद घडी करून खिशात ठेवायचा. पुढचे सहा महिने लागणार आहे.

आता पैशाची जात ओळखा. केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा हप्ता दिसायला मोठा असतो, पण १५व्या आयोगात त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार देता येत नव्हता. शिवाय काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर पैसा असून हात बांधलेले. मोकळा म्हणावा असा पैसा एकच, ग्रामनिधी, म्हणजे गावच्या करातून जमणारा. त्यातही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी.

मोटामोटी हिशेब करू. समजा तुमचं ६०० उंबऱ्यांचं गाव आहे, वर्षाची करमागणी ९ लाख आणि वसुली निम्मी. हातात आले साडेचार लाख. ३० टक्के बाजूला काढले की राहिले ३ लाख १५ हजार, म्हणजे महिन्याला २६ हजार २५० रुपये. यातून वीज, पगार, टीसीएल, गळती काढायला येणारा प्लंबर. आणि तुमच्या वचननाम्यात व्यायामशाळा, वायफाय आणि गल्लोगल्ली सिमेंट रस्ते. मी हा हिशेब मांडला की नवे सरपंच माझ्याकडे असे बघतात, जणू जुन्या सरपंचाचा माणूसच समोर बसलाय.

लोकांचंही तसंच. दहा वर्षं जे झालं नाही ते आता पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवं असतं. पहाटे साडेपाचला दारात माणूस उभा: ‘तुला निवडून दिलंय, घरकुलाचं काय?’ इथे सरपंच भिडेखातर म्हणतो, ‘बघतो, करून टाकू.’ हे दोन शब्द पुढे फार महागात जातात. घरकुलाची यादी सरपंच करत नाही. ती सर्वेक्षणातून येते. अपात्र नाव असेल तर ग्रामसभा हरकत घेऊ शकते, पण तुमच्या मर्जीने नवं नाव त्यात घुसत नाही. त्या माणसाला कार्यालयात आणा, यादी काढून त्याचा क्रमांक दाखवा, नाव नसेल तर तेही तिथेच दाखवा. राग येईल. पण खोट्या आशेवर दोन वर्षं चकरा मारल्यावर येतो तो राग वेगळा असतो.

दारूबंदीचं आश्वासन दिलं असेल तर तेही नीट समजावून सांगा. परवान्याचं दुकान सरपंचाच्या ठरावाने बंद होत नाही. आधी २५ टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांनी लेखी मागणी करायची, मग उभी बाटली-आडवी बाटली मतदान: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. त्यात आडव्या बाटलीला, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. पुण्या-मुंबईला गेलेल्या सुनासुद्धा त्या यादीत असतात. हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही, ते पोलिसांचं काम.

माझी एक चूक सांगतो. एका गावात नव्या सरपंचाने पहिल्याच सभेत पाणीपट्टी निम्मी केल्याची घोषणा केली. टाळ्या इतक्या पडल्या की मीही गप्प बसलो, इतिवृत्त लिहिलं, सही केली. सातव्या महिन्यात मोटारीची वीज तोडली. ऐन एप्रिलात बाया हंडे घेऊन कार्यालयासमोर बसल्या. टाळ्या वाजवणारेच पुढे होते आणि तेच म्हणत होते, ‘भाऊसाहेबाला कळायला नको होतं?’ बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या वस्तूसाठी एकच प्रश्न विचारायचो: हिचा महिन्याचा खर्च कोण देणार? घंटागाडी घ्यायला निधी मिळतो. डिझेल आणि चालकाचा पगार ग्रामनिधीतून. कित्येक कार्यालयांसमोर अशी घंटागाडी चाकातली हवा गेलेली उभी दिसेल, आत कोंबड्या. शुद्ध पाण्याचं यंत्र, कॅमेरे, हायमास्ट दिवे, सगळ्यांना हाच प्रश्न.

वसुलीचं सांगायचंय ते जरा कडू आहे. थकबाकीची यादी काढली की वरच्या वीस नावांत तुमच्या पॅनलचे चार-पाच निघतातच. ज्याने प्रचाराला जीप दिली तोही असतो. पहिली पावती त्याची फाडा, त्याआधी स्वतःची. यात नीतीचा भाग सोडा, कायदाच तसा आहे: मागणी बिल मिळून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि विरोधक तेवढ्यासाठी टपलेले असतात. मी एक सरपंच पाहिला, सख्ख्या चुलत्याच्या दारात बिल घेऊन स्वतः गेला. चुलता महिनाभर बोलला नाही. पण त्या मार्चमध्ये गावाने रांग लावून कर भरला. रांगेत तो चुलता नव्हता, त्याने आधीच भरला होता.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याची पिठाची गिरणी सगळ्यांना माहीत असते. तिथले तेव्हाचे सरपंच भास्करराव पेरे पाटलांनी वेळेवर कर भरणाऱ्याला दळण फुकट केलं. बऱ्याच गावांनी गिरणी तेवढी आणली. अहो, पण कर आला तरच गिरणीचं बिल भागणार ना! आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या आदर्श गावाचं नाव घेऊन कुणी घाई केली तर सांगा, पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अंगवळणी पडायला गावाला वर्षं लागली.

थेट निवडून आलेल्या सरपंचाची आणखी एक अडचण: खुर्ची तुमची, बहुमत समोरच्यांचं. पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही, तेवढा श्वास आहे. पण मासिक सभेत ठराव पाडायला त्यांना कुणी अडवत नाही. अशा वेळी भांडू नका, ग्रामसभा भरवा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा पुरतो. सभा नुसती कागदावर उरकू नका. महिलांची सभा आदल्या दिवशी खरोखर घ्या. आणि तो खिशातला कागद तिथे मोठ्याने वाचा. जमा एवढी, देणं एवढं, यावर्षी दोन कामं होतील, तिसरं होणार नाही. त्यातली दोन कोणती, ते लोकांना ठरवू द्या. दर महिन्याच्या १ तारखेला शिल्लक फळ्यावर लिहा, भले ती चार आकडी असो.

जुन्या कारभाराच्या चौकशीबद्दल थोडक्यात. कागद असतील तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि कामाला लागा. एका गावात नवं पॅनल जुन्या मोटारखरेदीच्या मागे वर्षभर पळत राहिलं. खरेदीत गडबड असेलही. पण तेवढ्यात आराखड्याची मुदत गेली आणि गटाराचं काम पुढच्या वर्षावर पडलं.

शेवटचं, डिजिटल सहीचं. तुमच्या नावाचा नवा डोंगल, म्हणजे डिजिटल सही करायचं पेनड्राइव्हसारखं उपकरण, यायला वेळ लागतो आणि तोवर वित्त आयोगाचा रुपया हलत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच कागदपत्रं द्या. डोंगल आला की घरी कुलपात ठेवा. पिन संगणक चालकाला सांगायचा नाही, यजमानांना नाही, उपसरपंचांना नाही. भाऊसाहेब कितीही म्हणाले, ‘सरपंच, तुम्ही कशाला हेलपाटा घालता, मी करतो सही,’ तरी त्यांनाही नाही.