छोटी गाडी घेताना: हॅचबॅक, सेडान की छोटी एसयूव्ही?

एकाच कंपनीची हॅचबॅक, सेडान आणि छोटी एसयूव्ही शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असतात आणि बऱ्याचदा तिघींचा सांगाडा एकच असतो. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, मागचा टॉर्शन बीम (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा), सगळं सामाईक. बदलतो तो वरचा पत्रा, उंची आणि किंमत. म्हणून माहितीपत्रकं हातात आली की आधी तीन आकडे एका ओळीत लिहून काढा: एकूण लांबी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) आणि रिकाम्या गाडीचं वजन. व्हीलबेस दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने सारखाच असेल, तर मागे पायांना मिळणारी जागाही बहुधा सारखीच असते. जादा पैसे मग उंचीचे आणि रुबाबाचे.

लांबी कमी असून माणसं ऐसपैस बसतात, याचं श्रेय इंजिन आडवं बसवण्याला. १९५९ च्या मिनीने जेमतेम तीन मीटर लांबीत चार माणसं बसवून दाखवली, पण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात होता. आज बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये तो इंजिनाच्या एका टोकाला असतो. १९६९ च्या फियाट १२८ ने ही मांडणी रुळवली आणि १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फने मागचा उघडणारा दरवाजा जोडून तिला जगभर नेलं. हॅचबॅक तेव्हापासून छोट्या गाडीचा मूळ साचा आहे, बाकीचे आकार त्यावर चढवलेले.

काही आकार तर सरळ नियमांनी घडवलेत. जपानमधल्या केई नावाच्या छोट्या गाड्यांच्या वर्गाला लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर आणि इंजिन ६६० सीसी अशी मर्यादा आहे. उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक, म्हणून त्या उभ्या डब्यासारख्या दिसतात. भारतात २००६ पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सूट मिळाली आणि डिकी आखूड केलेल्या सेडान रस्त्यावर आल्या. असा आकार पाहताना तो गरजेतून आला की कराच्या पट्टीतून, हे ओळखता आलं पाहिजे. आखूड डिकीचं झाकणही आखूड, त्यामुळे आत जागा भरपूर असूनही मोठी बॅग तोंडातच अडते.

आता टेप घेऊन गाडीपाशी. आधी मागची सीट तपासा. चालकाची सीट स्वतःच्या उंचीला लावा, तिला हात न लावता तिच्यामागे जाऊन बसा. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांमध्ये चार बोटं आडवी मावली पाहिजेत, पंजे पुढच्या सीटखाली सरकले पाहिजेत आणि डोक्यावर मूठ उभी राहिली पाहिजे. सेडानमध्ये छत मागे उतरत येतं, तिथे उंच माणसाचं डोकं टेकतं. कूपेसारखं छत असलेल्या एसयूव्हीतही तेच. तिघांना मागे बसवून पाहा. छोट्या गाडीत मधल्याला खांदा तिरका करून बसावं लागतं, आणि त्याच्यासाठी तीन बिंदूंचा पट्टा व डोक्याची उशी आहे का, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

मग बसण्याची उंची. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजा. हॅचबॅकमध्ये खाली वाकून बसावं लागतं, छोट्या एसयूव्हीत कंबर जवळपास त्याच पातळीवर आत सरकते. गुडघेदुखीच्या माणसासाठी हा फरक खराच पैसे मोजण्याजोगा आहे. छोट्या एसयूव्हीच्या आकर्षणातला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. बाकीच्यात प्लॅस्टिकची काळी पट्टी बरीच असते. उंबरा किती रुंद आहे तेही पाहा, कारण रुंद उंबरा ओलांडताना सीटच्या उंचीचा फायदा निम्मा जातो.

डिकीचे लिटर फसवे असतात. प्रचलित पद्धतीत २० × १० × ५ सेंटिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. पण कोणी पार्सल ट्रेपर्यंतचा (डिकीवरच्या फळीपर्यंतचा) आकडा देतं, कोणी छतापर्यंतचा. दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच रेषेपर्यंतचे आहेत ना, हे विचारा. त्याहून उपयोगाची चार मापं स्वतः घ्या: डिकीच्या तोंडाची रुंदी, तोंडाची उंची, चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर आणि सामान ज्या कडेवरून उचलून आत घालायचं तिची जमिनीपासून उंची. सेडानची डिकी लिटरमध्ये मोठी निघते, पण झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या आत येतात आणि काठोकाठ भरलेल्या बॅगेवर दाबतात. फ्रिजच्या खोक्यासारखी उभी वस्तू तिच्यात जातच नाही. हॅचबॅकची मागची सीट पाडून बघा: तळ सपाट झाला की मध्ये पायरी राहिली? २००१ च्या होंडा फिटने पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेली, म्हणून तिची मागची बैठक वर दुमडून उभी वस्तू ठेवता येत होती. अशी मांडणी जिथे असेल तिथे आखूड गाडीही मोठीचं काम करते. गॅसची टाकी किंवा हायब्रिडची बॅटरी असेल तर डिकीचं झाकण उघडून प्रत्यक्षच पाहायचं. स्टेपनीच्या जागी कधी फक्त पंक्चरचं किट सापडतं.

वजनाकडे कोणी बघत नाही. भरलेल्या गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढीच तिची उचलण्याची ताकद. समजा ती ४५० किलो निघाली. ७५ किलोची पाच माणसं ३७५ किलो होतात, सामानाला उरतात ७५. त्याहून जास्त भरलं की मागचं सस्पेन्शन बसतं, ब्रेकचं अंतर वाढतं, टायर तापतात आणि ग्राउंड क्लिअरन्सचा (जमीन आणि गाडीचं पोट यांमधल्या अंतराचा) छापील आकडा निरर्थक होतो. तो आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हेही विचारून घ्या. शिवाय व्हीलबेस लांब असेल तर क्लिअरन्स बरा असूनही गतिरोधकावर पोट घासतं.

चालवण्याच्या खर्चात टायर मोठा. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिम इंचांत सांगतो. १८५/६५ आर १५ टायरची रबराची भिंत सुमारे १२ सेंटिमीटर असते, २०५/५० आर १७ ची सव्वादहा. दुसरा बहुधा महाग, आणि खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता जास्त. वरच्या मॉडेलची मोठी चाकं दिसायला छान, पण छोट्या गाडीला त्यांची गरज क्वचितच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ६० वरून १०० वर गेलं की जवळपास पावणेतीन पट. समोरून उंच, रुंद असलेली एसयूव्ही म्हणूनच शहरात हॅचबॅकच्या जवळपास ॲव्हरेज देते आणि महामार्गावर मागे पडते. लांबचा प्रवास जास्त असेल तर सेडान अजूनही सरस. डिकी केबिनपासून वेगळी असल्याने मागच्या चाकांचा आवाजही कमी येतो.

बाजाराचं गणित असं, की सुरक्षा आणि प्रदूषणाच्या नियमांचा खर्च छोट्या गाडीलाही जवळपास मोठीइतकाच येतो, पण तो वसूल करायला तिची किंमत वाढवता येत नाही. त्याच सांगाड्याची एसयूव्ही जास्त भावात विकता येते. १९७६ पासून बनणारी फोर्ड फिएस्टा २०२३ मध्ये बंद झाली, तीन दरवाजांच्या हॅचबॅक तर दुर्मीळच झाल्या. म्हणून आवडलेलं मॉडेल लवकर बंद होणार अशी चिन्हं असतील, तर काच, दिवे, बंपर असे सुटे भाग दुसऱ्या चालू मॉडेलशी मिळतेजुळते आहेत का, ते वर्कशॉपमध्ये विचारा.

स्वस्तपणाही दोन प्रकारचा. २००४ च्या डॅशिया लोगनला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकाच साच्याचा आरसा चालायचा. ही शहाणी काटकसर. मागे ड्रम ब्रेक असणंही हलक्या गाडीला चालून जातं. पण मागच्या डोक्याच्या उशा, पडद्यासारख्या एअरबॅग किंवा घसरण रोखणारं ईएससी गाळून किंमत उतरवली असेल तर ते मॉडेल सोडा. ही उपकरणं नंतर बाहेरून बसवता येत नाहीत. सहसा सगळ्यात खालच्या मॉडेलपेक्षा एक पायरी वरचं घेतलेलं बरं.

जुनी घेत असाल तर बांध्याप्रमाणे दुखणी वेगळी. हॅचबॅकचा मागचा दरवाजा पूर्ण उघडून हात सोडा. हळूहळू खाली आला तर गॅसचे दांडे संपलेत. दरवाजा आणि छत यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी उघडझाप होऊन तुटतात, म्हणून मागचा वायपर, काच तापवणारी जाळी आणि नंबरप्लेटचा दिवा एकेक करून लावून बघा. डिकीचा गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी किंवा गंज दिसला तर बऱ्याचदा मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून गळती असते. मागे ठोकर बसून गाडी नीट जुळवली नसली तरीही हेच दिसतं, तेव्हा दरवाजाच्या दोन्ही बाजूंची फट बोटाने चाचपून सारखी आहे का, ते पाहा.